डबलसीट मुक्तिनाथ: मागच्या सीटवरून

निघण्याआधी भाड्याच्या मोटारसायकलींबद्दल मी पुष्कळ वाचलं. सगळं पुढं बसणाऱ्यांनी लिहिलेलं. पिकअप कसा, चढाला कितवा गिअर लागतो, ॲव्हरेज किती पडतं. मागं कोण बसलं होतं याचा पत्ता शेवटच्या ओळीत लागायचा, "बायकोही खूश झाली" म्हणून. मी नेपाळात पोखऱ्याहून मुक्तिनाथच्या देवळापर्यंत आणि परत, सहा दिवस, मागच्या सीटवर बसून गेले. त्या सीटला काय सोसावं लागतं, गाडी देणाऱ्यानं त्यासाठी काय केलं आणि काय करायचं राहिलं, हे कुठंच सापडलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही बेळगावचे, शहापूर भागातले. ह्यांचं उद्यमबागेत दोन लेथचं वर्कशॉप आहे, माझं घरातच शिवणकाम. आंबोली, चोर्ला, तिलारी, हे घाट लग्नापासून डबलसीट फिरलोय, त्यामुळं मोटारसायकलची सवय नवी नाही. घरात सासूबाईंच्या देव्हाऱ्यात एक शाळिग्राम आहे. सुपारीपेक्षा थोडा मोठा, काळा, एका अंगाला चक्राची खूण. तुळशीच्या लग्नात नवरा म्हणून तोच उभा राहतो. शाळिग्राम मुक्तिनाथच्या वाटेवरच्या काली गंडकी नदीत सापडतात, म्हणून सासूबाई म्हणायच्या, "ह्याचं गाव बघून या गं कधीतरी." शेवटची सहा वर्षं त्या अंथरुणाला होत्या, आमचं कुठं जाणं झालं नाही. त्या गेल्या, वर्षश्राद्ध झालं, आणि पुढच्या दसऱ्याचं सोनं वाटून दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. विमानाने दिल्ली, तिथून काठमांडू, तिथून छोट्या विमानाने पोखरा.

दुकानाचं नाव लिहीत नाही. माझी एक मोठी तक्रार आहे. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मान्य केली. अशा माणसांचं नाव तक्रारीला चिकटून राहावं असं मला वाटत नाही. फेवा तळ्याच्या काठानं, लेकसाइडला, अशी भाड्याची दुकानं ओळीनं आहेत. मी लिहितेय ते त्यातल्या कुठल्याही दुकानात शिरताना उपयोगी पडेल.

आमचं दुकान एक नवरा-बायको चालवतात. त्यांना आम्ही दाजू आणि दिदी म्हणत होतो, तिथं सगळेच तसं म्हणतात. गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन, आधीची ४११ सीसीची. भाडं दिवसाला ४५०० नेपाळी रुपये. आपल्या एका रुपयाला त्यांचे १ रुपया ६० पैसे, हा दर बांधलेला आहे, त्यामुळं हिशेब सोपा. सहा दिवसांचे २७,००० नेपाळी, म्हणजे आपले १६,८७५. शिवाय १५,००० नेपाळी अनामत. त्यांनी आधी पासपोर्ट ठेवायला मागितला होता. ह्यांनी सांगितलं, झेरॉक्स घ्या, रोख अनामत घ्या, मूळ पासपोर्ट देणार नाही. दाजूंनी वाद घातला नाही. तुम्हीही देऊ नका.

गाडी देताना दाजूंनी जे केलं ते बघून ह्यांचं समाधान झालं, आणि यंत्राच्या बाबतीत ह्यांचं समाधान होणं सोपं नाही. चेन नवी, मागच्या टायरची नक्षी खोल, ब्रेकचं पॅड काढून दाखवलं. दोघांच्या देखत गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ घेतला, कुठला ओरखडा आधीचा आहे ते बोलून नोंदवलं. डिकीत जादा क्लच केबल, ब्रेकची दांडी, ट्यूब, पंक्चरचं सामान आणि हातपंप. या गाडीला ट्यूबचे टायर आहेत, तेव्हा ट्यूब सोबत हवीच.

मग फॉर्म आला. चालवणाऱ्याचं नाव, लायसन्स (आपलं भारतीय लायसन्स चालतं), रक्तगट, उंची, वजन, हेल्मेटचा नंबर, घरच्या माणसाचा फोन. आणि खाली एक ओळ: "सहयात्री: छ / छैन". आहे किंवा नाही. दाजूंनी 'छ' वर गोल केला. माझ्याबद्दल त्या कागदावर एवढंच होतं. माझं वजन ६४ किलो, सामान १८ किलो. दोन्ही मिळून पुढच्या माणसापेक्षा जास्त होतं, आणि ते कुणी विचारलं नाही. हेल्मेट दिलं तेही शेल्फवर हाताला आलं ते. मान हलवली की हेल्मेट मागून यायचं. तिथंच मी बोलायला हवं होतं. पण दुकानात गर्दी होती, दसैंच्या सुट्या संपत आल्या होत्या, लोक रांगेत उभे होते.

दसैं म्हणजे त्यांचा दसरा. आपला एका दिवसात संपतो, त्यांचा कोजागिरीपर्यंत चालतो. पाच दिवस थोरामोठ्यांच्या घरी जाऊन कपाळावर तांदूळ-दह्याचा लाल टिळा लावून घ्यायचा आणि कानामागं जवाचे पिवळे कोंब खोवायचे, त्याला जमरा म्हणतात. आपल्याकडं घटातलं धान उपटून टोपीत खोवतात तेच. दिदींच्या केसात तो जमरा बघितला आणि मला एकदम घरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

पाट्यांचंही तसंच. बेळगावात मी कन्नड बोलते, बाजारात रोज बोलावं लागतं, पण बसवरची पाटी वाचताना आजही अडखळते. तिथं परक्या देशात पहिल्याच वळणावर "बाटो निर्माण हुँदैछ, बिस्तारै जानुहोला" हे अक्षरन् अक्षर वाचलं. बाटो म्हणजे वाट, बिस्तारै म्हणजे सावकाश. ह्यांच्या खांद्यावर थाप मारून मी मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढं सहा दिवस पाट्या वाचायचं काम माझ्याकडंच राहिलं, कारण पुढच्या माणसाची नजर खड्ड्यावर असते.

पोखऱ्यात डॅमसाइडच्या कार्यालयात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढला. सार्क देशांच्या माणसांना १००० नेपाळी रुपये, प्रत्येकी. फोटो सोबत न्या. नाके पुढं आहेत, तिथं कागद बघतात.

आता रस्ता. पोखऱ्याहून कुस्मा, बागलुङ, बेनी, मग काली गंडकीच्या काठाकाठानं तातोपानी, घासा, मार्फा, जोमसोम, कागबेनी आणि मुक्तिनाथ. एका बाजूनं साधारण १८० किलोमीटर. एका दिवसात करता येतं म्हणून सांगणारे भेटतील. करू नका. बेनीपर्यंत रस्ता खणलेला असला तरी रस्ता होता. बेनीच्या पुढं कुठं डांबर, कुठं नुसती खडी, कुठं चिखल, कुठं झऱ्याचं पाणी आडवं वाहतंय आणि त्यातून जायचं. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला नदी. समोरून जीप आली की कुणीतरी मागं घ्यायचं. चोर्ल्याला पावसाळ्यात खड्डे चुकवत गेलेल्या माणसाला खड्ड्यांचं नवल नाही. पण चोर्ल्याच्या खड्ड्यांतून दीड तासात सुटका होते, इथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच.

बेनी सोडून तासभर झाला असेल, माझ्या कमरेत पहिली कळ आली. मोठा दगड आला की मागचं चाक वर यायचं आणि सीट खालून हातोडा मारल्यासारखी बसायची. पुढं बसलेल्या माणसाला ते कळत नाही. तो पायावर भार देऊन उभा राहू शकतो, समोरचा दगड त्याला आधी दिसतो, अंग सावरायला वेळ मिळतो. मागं बसलेल्याला ह्यांची पाठ दिसते आणि मग दणका बसतो. मी बोलले नाही. वाटलं, वय झालं. पन्नाशीत आल्यावर कुठलंही दुखणं आधी वयाच्या नावावर लिहायची सवय लागते, आणि ती सवय वाईट आहे. वयाचा त्यात काही संबंध नव्हता.

तातोपानीला उतरले तर मला सरळ उभं राहता येईना. ह्यांनी विचारलं, "काय गं, कंबर दुखालीय काय?" मी सगळं सांगितलं. हे गाडीकडं गेले, मागं दोन्ही हातांनी दाबून बघितलं, खाली वाकले आणि म्हणाले, "अगं, ही गाडी एकट्यासाठी लावलेली आहे." मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला एक रिंग असते. ती आवळली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून राहते आणि दोघांचा भार पेलूनही तिला दबायला जागा शिल्लक राहते. ती सगळ्यात सैल होती. दोघं बसलो, सामान चढलं, की स्प्रिंग निम्मी अधिक तिथंच दबत होती. मग दगड आला की उरलेलं अंतर संपून लोखंडावर लोखंड. दिवसभर तेच माझ्या मणक्यात येत होतं.

गावातल्या गॅरेजमधनं आकडीसारखा पाना आणून ह्यांनी रिंग आवळली, मागच्या टायरची हवा वाढवली. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी रस्ता पहिल्यापेक्षा वाईट होता आणि माझी कंबर मात्र जागेवर होती. माझी मोठी तक्रार ती हीच. दुकानात एक प्रश्न विचारला असता, मागं किती वजन आहे, तर पहिला दिवस तसा गेला नसता. भाड्यानं गाडी घेताना डबलसीट जाणार असाल तर दुकानातच, सामानासकट दोघं बसून, गाडी दाबून बघा आणि रिंग आवळून घ्या. ज्यांचा नवरा लेथवर काम करत नाही त्यांनी तर नक्कीच.

तातोपानीला गरम पाण्याचे झरे आहेत, नदीच्या काठालाच कुंडं बांधलीत. त्या संध्याकाळी त्या पाण्यात कंबरभर बसून होते तेवढा वेळ मला कुणाबद्दल तक्रार नव्हती.

सीटबद्दल थोडं. हिमालयनची मागची सीट वेगळी आहे, पुढच्यापेक्षा उंच, रुंदीला बरी. पायाच्या जागा योग्य उंचीवर, गुडघे फार मुडपत नाहीत. धरायला मागं कॅरिअरच्या दांड्या. त्यांना हात मागं नेऊन धरावं लागतं, उतारावर खांदे भरून येतात. आम्ही बॅग कॅरिअरवर उभी बांधली, तिचा पाठीला टेका झाला. उजव्या बाजूला सायलेन्सर वर येतो, म्हणून चढायचं ते डाव्या बाजूनं, आणि हे "बस" म्हणेपर्यंत चढायचं नाही. गाडीच १९९ किलोची आहे. उतारावर, खडीत, तुम्ही न सांगता पाय टाकलात तर पुढच्याचा तोल जातो. आम्ही घरूनच खूण ठरवली होती: चढल्यावर खांद्यावर दोन थापा, उतरण्याआधी एक.

उतारावर मागचा माणूस पुढं सरकतो, पुढच्याच्या अंगावर रेलतो, त्याच्या मनगटांवर भार जातो. त्यासाठी मी घरी एक पट्टा शिवला होता. शाळेच्या दप्तराला लावतात तसली दोन इंची नायलॉनची पट्टी, कमरेला आतून जाड कापडाचं अस्तर, पुढं बक्कल, आणि दोन्ही बाजूंना मुठीत मावेल अशी कडी. ह्यांनी तो जॅकेटवरून कमरेला बांधला, मी त्या कड्या धरल्या. चढाला हात पुढं ओढलेले, उताराला तळवे ह्यांच्या कमरेला टेकवून मागं रेटा. कड्यांना आडवी-तिडवी फुलीची शिलाई मारली होती, सहा दिवसांत टाका उसवला नाही. बाजारात असले पट्टे मिळतात, पण मापाचा आपल्या हातानं शिवलेला वेगळा.

दुसऱ्या दिवशी दानाच्या पुढं रुप्से धबधबा लागतो, रस्त्याच्या अगदी अंगावर. तिथून वर घासापर्यंतची चढण सगळ्यात कठीण. काली गंडकीची ही दरी म्हणजे एका हाताला अन्नपूर्णा, ८०९१ मीटर, दुसऱ्या हाताला धौलागिरी, ८१६७ मीटर, आणि मधून ही काळ्या पाण्याची नदी. नदी आधीची, पर्वत नंतरचे. पर्वत वर येत गेले तशी ती खाली कापत गेली. घासाच्या आत झाडी केळीपासून पाइनपर्यंत बदलते, लेत्याच्या पुढं झाडंच विरळ होतात आणि दरी एकदम रुंद होऊन नुसत्या गोट्यांचं मैदान दिसतं.

त्या मैदानातच, लार्जुङच्या आसपास, क्लच केबल तुटली. पाण्यातून बाहेर पडलो आणि क्लचची मूठ सैल. दुकानानं दिलेली केबल डिकीत होती. ह्यांनी पाऊण तासात बसवली, मी मोबाईलची बॅटरी धरून बसले. फोन लावला तर दाजूंनी पहिल्या रिंगला उचलला आणि म्हणाले, जमत नसेल तर मार्फ्याहून माणूस पाठवतो. पाठवायची वेळ आली नाही, तरी त्या उजाड मैदानात ते ऐकून बरं वाटलं. या बाबतीत त्या दुकानाला पैकीच्या पैकी.

बायकांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण कुणी लिहीत नाही. वाटेत शौचालयाचं काय? आम्ही थांबलो त्या प्रत्येक चहाच्या दुकानात होतं, मागच्या अंगाला, आणि विचारलं की दाखवत. पाणीही होतं. चहा घ्यायचा आणि विचारायचं. मी बेनीपर्यंत संकोचानं पाणी न पिता बसले होते, त्यानं डोकं धरलं. उंचीवर जाताना पाणी कमी पिणं हा चुकीचा हिशेब आहे.

मार्फा गावाबद्दल किती लिहू! दगडी फरसबंदीची एकच लांब गल्ली, फरशांखालून वाहणारं पाणी, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, सपाट छपरांच्या कडेनं रचलेलं सरपण. सफरचंदांचं गाव. ऑक्टोबरात गल्लीभर काप वाळत घातलेले. ज्या घरात उतरलो तिथं थकाली, म्हणजे त्या दरीतल्या जमातीच्या, बाईंनी डाळ-भात, साग, आणि फापरचा, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा, ढिंडो वाढला. आपल्या नाचणीच्या आंबिलीला घोटून घोटून घट्ट केलं तर होईल तसा. चटणीचा पहिला घास घेतला आणि जीभ झिणझिणली. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे म्हणाले, "तिरफळ!" बांगड्याच्या आमटीत घालतो ते. त्यांच्याकडं तिमूर म्हणतात, तिरफळाच्याच कुळातलं. समुद्राकडचा मसाला म्हणून आपण जो ओळखतो, त्याचा भाऊबंद हिमालयात निघाला.

ती कोजागिरीची रात्र होती. मी घरून दुधाचा मसाला पुडीत नेला होता. बाईंनी दूध तापवून दिलं, त्यात घालून सगळ्यांना एकेक पेला दिला. छपरावर गेलो तर निलगिरीचा बर्फ चांदण्यात इतका पांढरा की बाकी काही दिसेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथंच राहिलो, मुद्दाम. मार्फा २६७० मीटर, मुक्तिनाथ ३७०० च्या वर, बेळगाव ७५०. शरीराला एक दिवस द्यावा. ज्यांनी दिला नाही असे दोघे तरुण जोमसोमला ओकाऱ्या देताना बघितले.

जोमसोमच्या वाऱ्याबद्दल ऐकलं होतं, तरी अंदाज नव्हता. सकाळी शांत, दहा-अकराच्या सुमारास सुरू, संध्याकाळपर्यंत थांबत नाही. वरचं मुस्तांगचं उजाड पठार उन्हानं तापतं, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालची हवा या दरीतून वर ओढली जाते. म्हणून जोमसोमची विमानंही सकाळीच उडतात. आता मोटारसायकलवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट: वारा दक्षिणेकडून उत्तरेकडं वाहतो. मुक्तिनाथला जाताना तो पाठीवर असतो, परत येताना तोंडावर. जाताना उशीर झाला तरी निभतं, येताना निभत नाही. आम्ही कागबेनीहून सकाळी सहाला निघालो आणि वारा सुटायच्या आत लेत्याला पोचलो.

कागबेनीच्या पुढं मुक्तिनाथचा रस्ता आम्हाला चांगला डांबरी मिळाला. पण चढ उभा आणि हवा विरळ. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. वळणावळणाला पहिला गिअर. दोघं आणि सामान घेऊन गाडी चढली, तक्रार न करता, पण सावकाश. सामान मार्फ्यात ठेवून गेलो असतो तर आणखी सोपं झालं असतं. हे आम्हाला उशिरा सुचलं.

राणीपौवाला गाडी लावून देवळापर्यंत चालत जायचं. घोडे मिळतात, आम्ही दर वीस पावलांवर थांबत चाललो. मुक्तिनाथ विष्णूचं देऊळ, पण पुजेची व्यवस्था बघणाऱ्यांत बौद्ध भिक्षुणीही आहेत, आणि बौद्ध लोक त्याला शंभर पाण्यांची जागा म्हणून मानतात. देवळामागं अर्धवर्तुळात १०८ धारा, बैलाच्या तोंडातून पडणाऱ्या. हे सगळ्या धारांखालून पळत गेले आणि बाहेर आले तेव्हा ओठ निळे होते. मी एकेका धारेखाली ओंजळ धरली, १०८ वेळा, मोजून. शेवटी बोटं जाणवेनाशी झाली. पाठीमागं वळले तर समोर धौलागिरी, मध्ये काहीही आडवं नाही. सासूबाईंच्या शाळिग्रामाला मी रुमालात बांधून सोबत आणलं होतं. त्याला पहिल्या धारेचं पाणी घातलं आणि परत कमरेला बांधलं.

वर मुक्कामाला न राहता कागबेनीला उतरलो, ९०० मीटर खाली. झोप चांगली लागली. कागबेनीत काली गंडकीला दुसरी नदी मिळते, तिथं पितरांसाठी श्राद्ध करतात. ह्यांनी संध्याकाळी, वारा पडायच्या बेताला, संगमावर आईच्या नावानं पाणी सोडलं. तिथं काठावर काळे गोटे पसरलेले असतात. एखादा फुटलेला असला तर आत चक्राची नक्षी दिसते. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्यातल्या शंखासारख्या प्राण्यांचे ते ठसे. हे मला आधी वाचून माहीत होतं. तरी हातात घेतल्यावर तो आधी देवच वाटला, आणि मला त्यात अडचण वाटत नाही.

पोखऱ्याला परतलो तेव्हा दाजूंनी पहिल्या दिवसाचा व्हिडिओ लावून गाडी तपासली. डाव्या आरशाला एक नवा ओरखडा होता, तो त्यांनी सोडून दिला. केबलचे पैसे मागितले नाहीत. अनामत पूर्ण परत. मग मी शॉकअपचं आणि हेल्मेटचं सांगितलं, ह्यांनी नाही, मीच. दाजू आधी म्हणाले की आजवर कुणी तक्रार केली नाही. दिदी काउंटरच्या मागून म्हणाल्या, मागं बसणारीला कुणी विचारलं असेल तर ना. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा काढला, पेन घेतलं, 'सहयात्री'च्या ओळीखाली हातानं दोन रकाने आखले, तौल आणि हेल्मेट, आणि दाजूंच्या पुढं सरकवला. दाजू वाचून म्हणाले, हो, हे चुकलंय आमचं.

डबलसीट जाणाऱ्यांना मी हे दुकान आणि ही गाडी दोन्ही सुचवेन, रिंग आवळून. हेल्मेट मात्र दोघांनी आपापलं घरून न्या.

निघताना दिदींनी तो पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, असला शिवता येईल काय. त्यांच्याकडं मशीन होतं. मी काउंटरवर जुनं वर्तमानपत्र पसरून कमरेच्या पट्टीचं आणि कडीचं माप कापून दिलं, फुलीची शिलाई कुठं मारायची तिथं पेनानं खुणा केल्या. बक्कल पुढंच घ्या म्हटलं, बाजूला घेतलं तर कोपर लागतं.